बॅरो ते स्पिट्सबर्गेन : वीस तास वीस मिनिटे

श्रोतेहो, आपल्या पूर्वजांना एखादे गाव किती दूर आहे असे विचारले, तर ते त्याचे उत्तर मजलांनी देत. अमुक गाव दोन मजलांवर आहे, तमुक तीर्थ दहा मजलांवर आहे, असे ते सांगत. मजल म्हणजे एका दिवसाची चाल. वाट सपाटीची असली तर मजल लांबे. मध्ये घाट आला किंवा नदीला पूर आला तर तीच मजल आखूड होई. म्हणजे त्यांचे अंतर मोजण्याचे माप जमिनीचे नव्हते, काळाचे होते. आणि त्या काळात बैलांचे बळ, पावसाची लहर, वाटेवरची चोरांची धास्ती, हे सर्व आपोआप हिशेबात येत असे. पुढे मैलाचे दगड आले, मग किलोमीटर आले, आणि अंतर हा एक स्थिर आकडा आहे अशी आपली समजूत झाली. ही समजूत पृथ्वीच्या बहुतेक भागांत निभावून जाते. परंतु उत्तर ध्रुवाच्या परिसरात ती पदोपदी फसते. तेथील दोन विमानतळांमधील अंतर किती आणि उड्डाणास वेळ किती, या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास आज आपण पाहणार आहोत.

यातील पहिला तळ अलास्काच्या अगदी उत्तर टोकाला आहे. बॅरो या नावाने तो जगाला ठाऊक होता. गावकऱ्यांनी मत देऊन २०१६ साली गावाचे जुने इनुपिआत भाषेतील उत्किआग्विक हे नाव पुन्हा स्वीकारले. लोकवस्ती सुमारे पाच हजार. बाहेरच्या जगाला जोडणारा रस्ता नाही; वर्षाचा बराच काळ समुद्र गोठलेला असतो. येथील विमानतळाला वायली पोस्ट आणि विल रॉजर्स यांची नावे दिलेली आहेत. वायली पोस्ट हा एकट्याने विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला वैमानिक, आणि विल रॉजर्स हा त्या काळी साऱ्या अमेरिकेला हसविणारा विनोदकार. हे दोघे १५ ऑगस्ट १९३५ रोजी याच गावाजवळ विमान कोसळून मरण पावले.

दुसरा तळ नॉर्वेच्या ताब्यातील स्वालबार्ड द्वीपसमूहातील स्पिट्सबर्गेन बेटावर आहे. गावाचे नाव लाँगइयरब्येन. कोळशाच्या खाणींसाठी वसलेले हे गाव ७८ उत्तर अक्षांशाच्याही थोडे पलीकडे आहे. येथे ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत क्षितिजावर येत नाही. गावकुसाबाहेर पडणाऱ्याला अस्वलांपासून बचावाचे साधन जवळ बाळगावे लागते.

आता शाळेच्या भिंतीवर टांगतात तो जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. बॅरो त्याच्या डाव्या कडेला वर दिसेल आणि स्वालबार्ड मध्याच्या जरा उजवीकडे वर. दोहोंमध्ये उत्तर अमेरिका, ग्रीनलंड आणि उत्तर अटलांटिक पसरलेले. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली आणि त्या रेघेवरून विमान नेले, तर सुमारे पाच हजार किलोमीटर काटावे लागतील. परंतु नकाशा बाजूला सारून पृथ्वीचा गोल हाती घ्या, आणि त्याच दोन ठिपक्यांवर एक दोरा ताणून धरा. दोरा नकाशावरील वाटेने जाणारच नाही. तो वर सरकेल आणि ध्रुवापासून जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरवरून पलीकडे उतरेल. त्याची लांबी भरेल सुमारे ३,३८० किलोमीटर. पाच हजारांतून सोळाशे किलोमीटर कोठे गेले? ते पृथ्वीवर नव्हतेच. गोल फळाची साल सपाट करताना जो ताण पडतो, त्या ताणाने ते निर्माण झाले होते.

याचे कारण सोपे आहे. विषुववृत्तावर एका रेखांशापासून दुसऱ्या रेखांशापर्यंत सुमारे १११ किलोमीटर जावे लागते. बॅरोच्या अक्षांशावर तेच अंतर सुमारे ३६ किलोमीटर होते, ८० अक्षांशावर १९, ८५ अक्षांशावर दहाच्याही आत. आणि ध्रुवावर सर्व रेखांश एका बिंदूत मिळतात. नकाशा मात्र ते शेवटपर्यंत समांतर दाखवितो. म्हणून बॅरो येथून जवळजवळ थेट उत्तरेकडे निघालेले विमान, डावे-उजवे कोठेही न वळता, स्वालबार्डला पोचते तेव्हा ते दक्षिणेकडे तोंड करून उतरत असते. सरळ जाणाऱ्याची दिशा आपोआप उलटते, हा चमत्कार आपल्या प्राचीन ज्योतिषांना अपरिचित वाटला नसता. मेरूवर राहणाऱ्या देवांचा दिवस सहा महिन्यांचा असतो, हे त्यांनी गोलाच्या गणितानेच जाणले होते. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली आर्य लोकांच्या ध्रुवप्रदेशीय मूलस्थानाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला, तोही याच दीर्घ उषःकालाच्या आणि दीर्घ रात्रीच्या आधारावर. त्यांचा निष्कर्ष पुढील संशोधकांनी मान्य केला नाही. पण ध्रुवाकडील आकाश कसे असते याची मराठी सुशिक्षितांत जी जिज्ञासा जागी झाली, तिला त्या ग्रंथाचा हातभार लागला यात शंका नाही.

गणिताने दोरा ताणणे सोपे. त्या दोऱ्यावरून माणसाने जाणे ही गोष्ट निराळी. ध्रुवाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हवेतून जाण्याचा पहिला निर्विवाद मान १९२६ साली 'नॉर्गे' या हवाई जहाजाने मिळविला. नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसन, अमेरिकेचा लिंकन एल्सवर्थ आणि ते जहाज बांधणारा इटलीचा उंबेर्तो नोबिले हे त्या सफरीचे तीन नायक. ११ मे रोजी सोळा माणसे घेऊन ते स्पिट्सबर्गेनवरील नी-ऑलेसुन येथून निघाले, दुसऱ्या दिवशी ध्रुवावरून गेले, आणि १४ मे रोजी अलास्कातील टेलर या वस्तीपाशी उतरले. सत्तर तासांहून अधिक वेळ ते हवेत होते. पंख्यांवर साचलेले बर्फाचे तुकडे सुटून जहाजाच्या कापडी अंगावर गोळ्यांसारखे आदळत. माणसे ती भोके ठिगळे लावून बुजवीत. बिनतारी यंत्राची तार बर्फाने जड होऊन निकामी झाली. अलास्काच्या किनाऱ्यावर धुके आणि वादळ यांनी गाठले. ठरले होते नोम येथे उतरावयाचे. उतरले ते टेलरला. तरी उतरले, हेच नवल.

परंतु नॉर्गे होते शंभर मीटरांहून लांब, पोटात वायू भरलेले, तीन इंजिनांचे आणि सोळा माणसांचे. हवेपेक्षा जड अशा लहान विमानाने, एका इंजिनावर, दोन माणसांनी हे अंतर काटता येईल काय, या प्रश्नाचे उत्तर द्यावयास दोन वर्षांनी जॉर्ज ह्युबर्ट विल्किन्स पुढे आला.

विल्किन्स हा दक्षिण ऑस्ट्रेलियातील शेतकरी कुटुंबात १८८८ साली जन्मलेला. छायाचित्रकार, निसर्गाभ्यासक, पहिल्या महायुद्धात आघाडीवर उभे राहून चित्रे टिपणारा, आणि त्यापूर्वी स्टेफान्सनच्या कॅनडातील ध्रुवीय मोहिमेत काही वर्षे बर्फावर काढलेला. अलास्का आणि ध्रुव यांच्यामध्ये पसरलेल्या प्रचंड अज्ञात प्रदेशात कोठे जमीन आहे काय, हे त्याला पाहावयाचे होते. त्या काळच्या काही नकाशांवर तेथे संशयित भूमी तुटक रेषांनी काढलेल्या असत. त्याचा वैमानिक कार्ल बेन आयल्सन हा अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातील तरुण. अलास्कात १९२४ साली विमानाने टपाल नेण्याचा आरंभ त्याने केला होता.

त्यांचे १९२६ चे प्रयत्न विमाने मोडून फसले. १९२७ च्या मार्चमध्ये बॅरोच्या वायव्येस, गोठलेल्या समुद्रावर शेकडो मैल आत, इंजिनाने दगा दिला. ते तरंगत्या बर्फावर उतरले, इंजिन कसेबसे सुरू करून परत फिरले, आणि इंधन संपताच अंधारात पुन्हा बर्फावर येऊन टेकले. मग विमान तेथेच सोडून, भेगाळलेल्या बर्फावरून दिवसचे दिवस चालत त्यांनी किनारा गाठला. हिमदंशाने आयल्सनचे एक बोट गेले. असे असूनही पुढच्या वर्षी दोघे पुन्हा बॅरोला हजर झाले.

या वेळी त्यांच्याजवळ लॉकहीड कंपनीचे नवे 'व्हेगा' विमान होते. अंग लाकडी, पंख एकच आणि तोही वर बसविलेला, बाहेर तारा किंवा टेकू नाहीत, चाकांच्या जागी बर्फावरून घसरणाऱ्या पट्ट्या, आणि सुमारे २२० अश्वशक्तीचे एक इंजिन. इंधनाने ते इतके भरले होते की प्रथम ते उचलेचना. गावातील इनुपिआत लोकांनी बर्फ खणून एक लांब, अरुंद पट्टी तयार करून दिली. त्या पट्टीवरून १५ एप्रिल १९२८ रोजी विमान उठले.

आयल्सन विमान चालवीत होता आणि विल्किन्स मार्ग काढीत होता. हे मार्ग काढणे म्हणजे या उड्डाणाचा खरा गाभा होय. होकायंत्राची सुई भौगोलिक ध्रुवाकडे वळत नाही, चुंबकीय ध्रुवाकडे वळते; आणि त्या वर्षी चुंबकीय ध्रुव कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांत होता. विमान जसजसे पुढे सरके तसतशी सुई आपला कोन बदले. शिवाय सरळ वाटेने जातानाही प्रत्येक रेखांशाशी होणारा कोन बदलत होताच. म्हणून विल्किन्सने आधीपासून तक्ते तयार करून ठेवले होते. ठराविक वेळाने सूर्याचा वेध घ्यावयाचा, घड्याळ पाहावयाचे, तक्ता पाहावयाचा, आणि आयल्सनला नवी दिशा द्यावयाची. यात काही अंशांची चूक झाली असती तर ते ग्रीनलंडच्या हिमपठारावर किंवा मोकळ्या समुद्रावर गेले असते. आणि दोन्हीकडे शेवट एकच होता.

थेट ध्रुवावरून जाण्याचा त्यांचा हेतू नव्हता. अज्ञात प्रदेश अधिकाधिक दिसावा म्हणून त्यांनी वाट कॅनडाच्या आणि ग्रीनलंडच्या बाजूने थोडी वळवून घेतली होती. ज्या नव्या भूमीसाठी एवढा अट्टाहास, ती त्या वाटेवर कोठेही दिसली नाही. भूगोलाला कधी कधी नकाराचीही मोठी गरज असते. काही तुटक रेषा नकाशावरून पुसल्या गेल्या, हे या उड्डाणाचे शास्त्रीय फळ.

स्पिट्सबर्गेनची शिखरे दिसू लागली तोच वादळाने गाठले. इंधन संपत आले होते. खाली एक हिमाच्छादित सपाट जागा दिसताच आयल्सनने विमान उतरविले. उतरताना हिम इतके उडत होते की काही दिसत नव्हते. बॅरो सोडल्यापासून वीस तास वीस मिनिटे झाली होती. काटलेले अंतर सुमारे २,२०० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. ताशी सरासरी पावणेदोनशे किलोमीटरच्या आतच.

परंतु श्रोतेहो, प्रवास येथे संपला नव्हता, आणि मजलांचा हिशेब येथेच किलोमीटरांच्या हिशेबावर मात करतो. उतरले त्या निर्मनुष्य बेटाचे नाव होते मृत माणसाचे बेट. वादळ पाच दिवस चालले आणि पाच दिवस ते दोघे विमानाच्या पोटात बसून राहिले. आकाश निवळल्यावर निघावयाचे, तर विमान गोठलेल्या हिमातून हलेना. विल्किन्सने खाली उतरून शेपटीकडून रेटा दिला. विमान सुटले आणि विल्किन्स खालीच राहिला. आयल्सन वर गेल्यावर त्याच्या ध्यानी आले आणि तो परत उतरला. दुसऱ्या वेळी विल्किन्सने दोराला धरून वर चढण्याची खटपट केली; तेव्हाही तो हिमात फेकला गेला. तिसऱ्या वेळी तो आतून दारातच बसला, एक पाय बाहेर काढून लाकडावर टेकवून विमान ढकलीत राहिला, आणि या वेळी दोघेही वर गेले. काही मिनिटांतच पुढच्या खाडीकाठी नॉर्वेच्या ग्रीन हार्बर बिनतारी ठाण्याचे खांब दिसले. वीस तासांत साडेतीन हजार किलोमीटर, आणि पुढच्या चार पावलांना पाच दिवस!

या उड्डाणाबद्दल विल्किन्सला त्याच वर्षी जूनमध्ये 'सर' ही पदवी मिळाली. अमुंडसननेही मुक्तकंठाने त्याचा गौरव केला. पण तो जून महिना ध्रुवाच्या इतिहासात काळाच राहिला. २५ मे १९२८ रोजी नोबिलेचे 'इटालिया' हे नवे हवाई जहाज ध्रुवावरून परतताना स्पिट्सबर्गेनच्या ईशान्येस बर्फावर आदळले. नोबिले आणि अमुंडसन यांचे नॉर्गेच्या श्रेयावरून वितुष्ट आलेले होते. तरीही बातमी कळताच पंचावन्न वर्षांचा अमुंडसन त्याच्या शोधार्थ निघाला. १८ जून रोजी उत्तर नॉर्वेतील ट्रोम्सो येथून 'लाथाम' नावाच्या फ्रेंच सागरी विमानातून सहा माणसे स्पिट्सबर्गेनच्या दिशेने उडाली. काही तास बिनतारी संदेश येत राहिले आणि मग थांबले. ऑगस्टच्या अखेरीस विमानाचा एक तरंगक नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ मिळाला. माणसे मिळाली नाहीत. नोबिले व त्याचे वाचलेले सहकारी पुढे स्वीडिश वैमानिकाने आणि सोव्हिएत 'क्रासिन' या हिमभेदी जहाजाने सोडविले.

आयल्सनही फार काळ राहिला नाही. सायबेरियाच्या किनाऱ्यापाशी 'नानुक' हे व्यापारी जहाज बर्फात अडकले होते. त्यावरील माणसे व केसाळ कातड्यांचा माल आणण्याचे काम त्याने पत्करले, आणि नोव्हेंबर १९२९ मध्ये तो आपल्या यंत्रज्ञासह वादळात कोसळला. त्याचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते. विल्किन्स मात्र १९५८ पर्यंत जगला. मार्च १९५९ मध्ये अमेरिकेची 'स्केट' ही पाणबुडी बर्फ फोडून ध्रुवावर वर आली आणि तेथे त्याची रक्षा विसर्जित करण्यात आली.

पुढील काळात विमाने मोठी झाली. जून १९३७ मध्ये चकालोव्ह आणि त्याचे दोन सोबती मॉस्कोहून ध्रुवावरून उडत सुमारे ६३ तासांत अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर येथे उतरले. १५ नोव्हेंबर १९५४ रोजी स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते लॉस एंजेलिस अशी नियमित उत्तरेकडील वाट सुरू केली. वाटेत ग्रीनलंडमध्ये आणि विनिपेगला थांबा असे. यासाठी होकायंत्राऐवजी विशेष भोवरायंत्र वापरावे लागले, आणि रेखांशांचे जंजाळ टाळण्यासाठी नकाशावर चौकटींची स्वतंत्र जाळी आखून तिच्या आधारे दिशा ठरवावी लागली. १९५७ पासून तर कोपनहेगन ते टोकियो हा प्रवासही अलास्कातील अँकरेजवरून होऊ लागला. विल्किन्सचे तक्ते आता यंत्रांत शिरले होते.

यंत्रे आली म्हणून धोका मात्र गेला नाही. २० एप्रिल १९७८ रोजी पॅरिसहून अँकरेजमार्गे सोलला निघालेले कोरियाचे एक प्रवासी विमान उत्तरेकडे दिशा चुकले आणि उलट फिरून सोव्हिएत संघाच्या कोला द्वीपकल्पावर गेले. लढाऊ विमानाने त्यावर मारा केला. वैमानिकाने ते गोठलेल्या तळ्यावर उतरविले, म्हणून १०९ जणांपैकी दोघांव्यतिरिक्त सर्व वाचले. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून लाँगइयरब्येनला खाणकामगार व त्यांचे कुटुंबीय यांना घेऊन येणारे विमान उतरता उतरता डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्वच्या सर्व १४१ माणसे मेली. धावपट्टीपासून ती जागा थोड्याच किलोमीटरांवर आहे.

ती धावपट्टीही एक इतिहासच आहे. लाँगइयरब्येनला १९७५ पर्यंत कायमचा विमानतळ नव्हता. शरदातील शेवटचे जहाज गेले आणि खाडी गोठली की वसंतात पहिले जहाज येईपर्यंत गाव जगापासून जवळजवळ तुटलेले असे. २ सप्टेंबर १९७५ रोजी राजे पाचवे ओलाव यांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ती हिवाळ्याची कोंडी फुटली. पण धावपट्टी बांधली गेली ती बारमाही गोठलेल्या भूमीवर. ती भूमी आता वितळू लागली आहे. २५ जुलै २०२० रोजी याच विमानतळावर २१.७ अंश सेल्सियस इतके तापमान नोंदले गेले, जे तेथे पूर्वी कधीच नोंदले नव्हते. जमीन खचली की पट्टी उंचसखल होते आणि पुन्हा पुन्हा सारखी करावी लागते. पूर्वी बर्फ फार म्हणून विमान उतरेना. आता बर्फ कमी होतो म्हणून चिंता.

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. बॅरो ते लाँगइयरब्येन हे अंतर आजचे जेट विमान किती वेळात काटील? ताशी साडेआठशे किलोमीटरच्या हिशेबाने चार तास, आणि चढण्या-उतरण्याचा वेळ धरून फार तर साडेचार. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत दहा तासांचा फरक आहे. म्हणजे बॅरोहून सकाळी आठला निघालेला मनुष्य स्वालबार्डला त्याच रात्री साडेदहाला पोचेल. विल्किन्सच्या वीस तासांचे साडेचार झाले.

पण हे झाले गणित. प्रत्यक्षात या दोन विमानतळांमध्ये नियमित प्रवासी विमान जातच नाही. बॅरोच्या माणसाला लाँगइयरब्येनला जावयाचे असेल, तर त्याने आधी दक्षिणेला अँकरेज गाठावे, तेथून अमेरिकेच्या एखाद्या मोठ्या शहरी यावे, अटलांटिक ओलांडून युरोपात उतरावे, मग नॉर्वे, आणि तेथून पुन्हा उत्तरेस. दोऱ्याने मोजलेल्या अंतराच्या कितीतरी पट जावे लागते. वाटेत गाड्या चुकाव्यात तशी विमाने चुकतात. एक-दोन रात्री परक्या गावी काढाव्या लागतात. विल्किन्स-आयल्सन यांनी १९२८ साली लाकडी विमानातून ज्या वेळात हे अंतर काटले, त्यापेक्षा आजच्या सामान्य प्रवाशाला अधिकच वेळ लागतो. विमान सुधारले, वाट मात्र उघडली नाही. कारण विमानाला वाट लागते ती प्रवाशांची, आणि दोन्ही गावे मिळून सात-आठ हजार माणसे. त्यांचे व्यवहार आपापल्या राजधान्यांशी. शेजारी असूनही त्यांची एकमेकांशी ओळख नाही.

वाटा उघडतात आणि मिटतात त्या राज्यांच्या संबंधांनीही. सोव्हिएत काळात सायबेरियावरील आकाश परकीय विमानांना जवळजवळ बंद होते. ते पुढे उघडले आणि २००१ पासून ध्रुवावरून आशियात येणाऱ्या वाटा रीतसर सुरू झाल्या. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली एअर इंडियाचे विमान, सर्व वैमानिक स्त्रिया असताना, सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बंगळूरला थेट आले. पण फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले आणि रशियाचे आकाश युरोपीय विमानांना बंद झाले. तेव्हा हेलसिंकीहून टोकियोला जाणाऱ्या फिनलंडच्या विमानांना पुन्हा ध्रुवाकडची जुनी वाट धरावी लागली. साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांवर गेला. हेलसिंकी आणि टोकियो होती तेथेच होती. अंतर वाढविले ते माणसांनी.

ध्रुवावरून जाणाऱ्या विमानाला आजही काही बंधने पाळावी लागतात. संकटात उतरण्यासाठी वाटेवरचे आडबाजूचे तळ आधीच ठरवून ठेवावे लागतात, आणि तेथे उतरलेल्या प्रवाशांची सोडवणूक कशी करावयाची याची योजना करावी लागते. उणे ४७ अंशाला सामान्य जेट इंधन गोठू लागते, म्हणून टाक्यांतील तापमानावर सतत लक्ष ठेवावे लागते. विषुववृत्तावर स्थिर भासणारे संदेशवाहक उपग्रह ८२ अक्षांशापलीकडे क्षितिजाआड जातात, म्हणून तेथे दुसऱ्या साधनांनी बोलावे लागते. म्हणजे शांतपणे झोपलेल्या तीनशे प्रवाशांच्या खाली विल्किन्सचा बर्फ अजून आहे, आणि त्या बर्फाच्या काठावरील धावपट्ट्या कोणासाठी जाग्या असतात हे प्रवाशांना बहुधा कळतही नाही.

आपल्यापैकी गोव्याच्या वाचकांना तरी हा प्रदेश अगदीच परका राहिलेला नाही. भारताची ध्रुवीय संशोधनाची राष्ट्रीय संस्था वास्को येथे आहे, आणि तिच्या देखरेखीखाली 'हिमाद्री' हे भारताचे संशोधन ठाणे १ जुलै २००८ रोजी नी-ऑलेसुन येथे सुरू झाले. ज्या गावाहून नॉर्गे निघाले तेच हे गाव. नॉर्गे बांधून ठेवण्याचा लोखंडी मनोरा तेथे अजून उभा आहे. आपले शास्त्रज्ञ नॉर्वेहून लाँगइयरब्येनला येतात आणि तेथून लहान विमानाने, अर्ध्या तासाच्या आत, नी-ऑलेसुनला पोचतात. त्या बर्फाचे वितळणे आणि आपल्या पावसाचे येणे-लांबणे यांचा काही संबंध आहे काय, याचा अभ्यास त्यांच्या कामाचा एक भाग आहे. कोकणातील आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने ध्रुव किती दूर आहे, याचे उत्तर कदाचित किलोमीटरांत देता येणार नाही.

आणि शेवटी एक लहानसा हिशेब. ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन हे अंतर आहे सुमारे ९६० किलोमीटर. आज तेथे नियमित विमान जाते; वेळ लागतो सुमारे एक तास चाळीस मिनिटे. शाळेतली मुले, भाजीपाल्याच्या पेट्या आणि टपाल असे सर्व काही त्या वाटेने ये-जा करते. खिडकीतून खाली पाहिले तर ढगांच्या फटींतून करडा समुद्र दिसतो. याच वाटेवर, याच समुद्रात, १८ जून १९२८ रोजी आपल्या एका रुष्ट सहकाऱ्याला वाचविण्यासाठी निघालेला अमुंडसन आणि त्याचे पाच सोबती नाहीसे झाले. जे अंतर आज एक तास चाळीस मिनिटांचे आहे, ते त्या सहा जणांना संपविता आले नाही. वेळापत्रकातील प्रत्येक मिनिट असे कोणीतरी आधी मोजून ठेवलेले असते, एवढे आपण विसरू नये.